जोसेफ गोल्डबर्गर

जोसेफ गोल्डबर्गर (जन्म : १६ जुलै १८७४, गिराल्ट, तत्कालीन हंगेरीचे राज्य, मृत्यू : १७ जानेवारी १९२९, वॉशिंग्टन, अमेरिका) हे अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतील वैद्य व साथरोगतज्ज्ञ होते. त्वचा, आतडी आणि मेंदू यांना ग्रासणारा पेलाग्रा हा रोग जंतूंमुळे होत नसून निकृष्ट आहारामुळे होतो, हे त्यांनी १९१४ ते १९२९ या काळातील संशोधनातून सिद्ध केले. त्या काळी अमेरिकेच्या दक्षिणेकडील मनोरुग्णालयांत पेलाग्रामुळे बुद्धिभ्रम झालेले असंख्य रुग्ण होते. त्यांचे वेड अन्नाने टाळता येते आणि पुष्कळदा बरेही होते, हे दाखवून देणाऱ्या पहिल्या संशोधकांत गोल्डबर्गर यांची गणना होते. रोगाचे मूळ दारिद्र्यात आहे, असा निष्कर्षही त्यांनी आकडेवारीनिशी मांडला. त्यांच्या हयातीत तो सहजासहजी मान्य झाला नाही.

बालपण व शिक्षण

गोल्डबर्गर यांचा जन्म एका ज्यू कुटुंबात झाला. सहा भावंडांत ते सर्वांत धाकटे होते. त्यांचे जन्मगाव आज स्लोव्हाकियात असून गिराल्तोव्हत्से या नावाने ओळखले जाते. १८८३ मध्ये हे कुटुंब अमेरिकेस स्थलांतरित झाले आणि न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड या दाट वस्तीच्या भागात स्थायिक झाले. तेथे वडिलांनी किराणा मालाचे दुकान थाटले.

१८९० मध्ये जोसेफ यांनी अभियंता होण्याच्या हेतूने न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात प्रवेश घेतला. पुढे शरीरक्रियाशास्त्रावरील एक व्याख्यान ऐकून त्यांचे मन वैद्यकाकडे वळले व त्यांनी बेलेव्ह्यू रुग्णालयाच्या वैद्यकीय महाविद्यालयात नाव घातले. १८९५ मध्ये ते पदवीधर झाले. पेनसिल्व्हेनिया राज्यातील विल्क्स-बॅरी या गावी त्यांनी सुमारे दोन वर्षे खाजगी व्यवसाय केला, पण त्यात त्यांचे मन रमले नाही. १८९९ मध्ये ते मरीन हॉस्पिटल सर्व्हिस या सरकारी सेवेत दाखल झाले. हीच संस्था १९१२ पासून सार्वजनिक आरोग्य सेवा म्हणून ओळखली जाऊ लागली.

साथरोगतज्ज्ञ म्हणून कार्य

प्रारंभी बंदरात येणाऱ्या स्थलांतरितांची तपासणी करण्याचे काम त्यांच्याकडे होते. त्यानंतर मेक्सिको, प्वेर्तो रिको, मिसिसिपी, लुइझियाना अशा ठिकाणी साथींच्या निर्मूलनासाठी त्यांना पाठविण्यात आले. या कामाची किंमत त्यांच्या शरीराला मोजावी लागली. पीतज्वर, डेंग्यू आणि टायफस हे तिन्ही आजार त्यांना निरनिराळ्या वेळी झाले.

जॉन अँडरसन यांच्यासह त्यांनी टायफसचा प्रसार डोक्यातील उवांमार्फतही होऊ शकतो हे दाखविले, तसेच गोवराचा संसर्ग माकडांत घडवून आणला. १९०९ मध्ये खाज व पुरळ यांच्या एका गूढ साथीचा उगम त्यांनी गवताच्या गाद्यांत राहणाऱ्या सूक्ष्म किडीपर्यंत नेऊन भिडविला. त्यासाठी त्यांनी स्वतःचा हात त्या गादीत घालून ठेवला होता. ही सवय पुढेही कायम राहिली.

१९०६ मध्ये त्यांचा विवाह मेरी फॅरर यांच्याशी झाला. मेरी या न्यू ऑर्लिन्समधील प्रतिष्ठित ख्रिस्ती घराण्यातील होत्या. भिन्नधर्मीय विवाहास दोन्हीकडून विरोध होता. या दांपत्यास चार अपत्ये झाली. गोल्डबर्गर यांचे आयुष्य बहुतांशी दौऱ्यांत गेल्यामुळे घरसंसाराचा भार मेरी यांच्यावरच पडला.

पेलाग्राचे स्वरूप

पेलाग्राचे पहिले वैद्यकीय वर्णन स्पेनमधील वैद्य गास्पार कासाल यांनी १८व्या शतकाच्या पूर्वार्धात केले. खरखरीत त्वचा अशा अर्थाचे पेलाग्रा हे नाव इटलीत रूढ झाले. मराठीत या रोगास वल्कचर्म असेही म्हटले जाते. मका हेच मुख्य अन्न असलेल्या गरीब शेतकऱ्यांत तो आढळे. त्यामुळे सडक्या मक्यातील विषाने तो होतो, असा समज युरोपात दीर्घकाळ प्रचलित होता.

उन्हात उघड्या राहणाऱ्या हात, पाय, मान व चेहरा या भागांची कातडी प्रथम लाल होते, मग काळवंडते आणि सोलून निघते. जीभ लालभडक होते, तोंड येते, जुलाब लागतात. मनावर होणारे परिणाम अनेकदा त्वचेच्या आधीच सुरू होतात, मात्र ते ओळखणे कठीण असते. झोप उडते, माणूस चिडचिडा व संशयी होतो, कामातले लक्ष जाते, उदासी दाटते. रोग वाढला की भास, भ्रम, स्थलकालाचे विस्मरण आणि अखेर बुद्धिभ्रंश ही अवस्था येते. हे सारे घडत असताना घरच्यांना दिसतो तो केवळ बदललेला स्वभाव. आळशी, भांडखोर किंवा वेडा ठरविल्या गेलेल्या अशा माणसांची रवानगी मनोरुग्णालयात होत असे, आणि तेथील अन्न घरच्यापेक्षा काही चांगले नसे.

अमेरिकेत १९०६ मध्ये अलाबामा राज्यातील माउंट व्हर्नन येथील मनोरुग्णालयात या रोगाची मोठी साथ उद्भवली. पुढील काही वर्षांत तो दक्षिणेकडील सर्व कापूसउत्पादक राज्यांत पसरला. १९४० पर्यंत देशात सुमारे ३० लाख लोकांना हा रोग झाला व सुमारे १ लाख लोक त्यामुळे दगावले, असा अंदाज आहे. रोग्यांत स्त्रिया, कृष्णवर्णीय, बटाईने शेती करणारी कुळे आणि कापड गिरण्यांतील कामगार यांचे प्रमाण मोठे होते. मक्याचे पीठ, डुकराची चरबी आणि काकवी हा त्यांचा वर्षातील बहुतेक महिन्यांचा आहार होता. जमीनमालकाला घराच्या दारापर्यंत कापूसच हवा असल्याने भाजीपाल्यास वा गाईला जागा उरत नसे. मक्यातील अंकुर काढून टाकणाऱ्या नव्या चक्क्यांमुळे पीठ अधिक टिकाऊ, पण आणखी निकस झाले होते.

जंतुशास्त्राच्या दिग्विजयाचा तो काळ होता. साऊथ कॅरोलायनातील स्पार्टनबर्ग येथे काम करणाऱ्या थॉम्पसन-मॅकफॅडन आयोगाने पेलाग्रा हा संसर्गजन्य असल्याचे मत दिले. परिणामी रोग्यांना वाळीत टाकले जाऊ लागले आणि काही रुग्णालये त्यांना प्रवेशही नाकारू लागली.

मनोरुग्णालये व अनाथालये

१९१४ मध्ये सर्जन जनरल रुपर्ट ब्लू यांनी पेलाग्राच्या तपासाचे काम गोल्डबर्गर यांच्याकडे सोपविले. ते दक्षिणेकडील मनोरुग्णालये, अनाथालये व तुरुंग पाहत फिरले. रुग्णालयांत वर्षानुवर्षे राहिलेल्या रुग्णांना पेलाग्रा होत होता, मात्र त्यांच्या अहोरात्र सान्निध्यात असणाऱ्या परिचारिका व सेवक यांपैकी कोणालाही तो होत नव्हता. संसर्गजन्य रोग असा पंक्तिप्रपंच करीत नाही. गोल्डबर्गर यांनी प्रयोगशाळेऐवजी स्वयंपाकघराकडे मोर्चा वळविला. सेवकांना दूध, अंडी आणि मांस मिळत होते. रुग्णांच्या ताटात मका व काकवीच होती. अनाथालयांत हाच भेद वयानुसार दिसला. तान्ह्या मुलांना दूध मिळे, थोरली मुले कामाला जात म्हणून त्यांना मांस मिळे. मधल्या वयाची मुले मात्र कोणाच्याच हिशेबात नव्हती आणि पेलाग्रा प्रामुख्याने त्यांच्यातच होता. पहिला अहवाल त्यांनी नेमणुकीनंतर काही महिन्यांतच प्रसिद्ध केला.

मिसिसिपीतील जॅक्सन येथील दोन अनाथालयांत आणि जॉर्जियातील मिलेजव्हिल येथील मनोरुग्णालयाच्या निवडक कक्षांत केंद्र सरकारच्या खर्चाने दूध, अंडी, ताजे मांस आणि कडधान्ये यांचा आहार सुरू करण्यात आला. बाकी काहीही बदलले नाही. जुन्या इमारती, तीच गर्दी, तीच अस्वच्छता कायम होती. पुढच्या वसंतात, म्हणजे रोग दरवर्षी उलटण्याच्या ऋतूत, तो त्या संस्थांतून जवळजवळ नाहीसा झाला. मिलेजव्हिल येथे पूर्वीचाच आहार घेणाऱ्या रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांत मात्र तो पुन्हा दिसला. पुढे प्रयोगाचा कालावधी संपून जुना आहार परत सुरू झाला, तेव्हा रोगही परतला. शास्त्रीय पुरावा म्हणून हे निर्णायक होते. ज्यांच्यावर तो पुरावा आधारलेला होता त्या रुग्णांच्या दृष्टीने ही गोष्ट कशी होती, याची चर्चा त्या काळी झाली नाही.

रॅन्किन येथील प्रयोग

आहार सुधारल्याने रोग जातो, एवढ्याने टीकाकारांचे समाधान होईना. म्हणून निरोगी माणसांत केवळ आहाराने पेलाग्रा निर्माण करून दाखविण्याचे गोल्डबर्गर यांनी ठरविले. मिसिसिपीचे गव्हर्नर अर्ल ब्रूअर यांनी त्यासाठी जॅक्सनजवळील रॅन्किन तुरुंग-शेतावरील कैदी उपलब्ध करून दिले. प्रयोगात भाग घेणाऱ्यांना संपूर्ण माफी मिळणार होती. १२ गोऱ्या कैद्यांनी संमती दिली, त्यांपैकी काही जन्मठेपेचे होते. एकजण आजारपणामुळे वगळला गेला व ११ जण उरले.

एप्रिल १९१५ पासून त्यांना पांढऱ्या पिठाची बिस्किटे, मक्याची लापशी व भाकर, भात, रताळी, कोबी, उसाची काकवी आणि साखर घातलेली कॉफी असा आहार देण्यात आला. पोटभर खाण्यास मनाई नव्हती. उलट तुरुंगाच्या नेहमीच्या अन्नापेक्षा हे गोडधोड बरे, असेच आरंभी कैद्यांना वाटले असावे. काही आठवड्यांत अशक्तपणा, डोकेदुखी आणि पोटदुखीच्या तक्रारी सुरू झाल्या. सुमारे पाच महिन्यांनंतर त्वचेवरील चट्टे दिसू लागले. प्रयोग संपेपर्यंत ११ पैकी ६ जणांत पेलाग्राचे निदान झाले. त्याच शेतावर नेहमीचे अन्न खाणाऱ्या अन्य कैद्यांपैकी एकालाही तो झाला नाही. ठरल्याप्रमाणे नोव्हेंबर १९१५ मध्ये सर्वांना माफी देण्यात आली.

सुटकेच्या आमिषाने दिलेली संमती खरी संमती म्हणावी काय, हा प्रश्न आजच्या संशोधननीतीच्या कसोटीवर गंभीर आहे. आजच्या नियमांनुसार हा प्रयोग संमत होणार नाही. त्या वेळच्या वृत्तपत्रांना मात्र कैद्यांच्या यातनांपेक्षा गुन्हेगार मोकळे सुटले याचीच अधिक चिंता वाटत होती.

स्वतःवरील प्रयोग

कैद्यांना झालेला रोग पेलाग्रा नव्हताच, असे काही वैद्यांनी म्हटले. संसर्गवाद्यांना उत्तर देण्याचा एकच मार्ग गोल्डबर्गर यांना दिसत होता, तो म्हणजे संसर्ग होऊ देण्याचा सर्वतोपरी प्रयत्न करणे. २६ एप्रिल १९१६ रोजी स्पार्टनबर्ग येथे त्यांनी आपले सहकारी जॉर्ज व्हीलर यांना रोग्याचे रक्त टोचले व व्हीलर यांनी त्यांना. रोग्याच्या नाक-घशातील स्राव त्यांनी स्वतःच्या नाकात व घशात चोळून घेतले. पुढील खेपांत रोग्यांची मलमूत्रे व सोललेल्या कातडीचे पापुद्रे पिठात मळून केलेल्या गोळ्या गिळण्यात आल्या.

या प्रयोगांत एकूण १६ स्वयंसेवक सहभागी झाले. त्यांत मेरी गोल्डबर्गर या एकच स्त्री होत्या. त्यांना गोळ्या देण्यास नकार देण्यात आला, पण रोग्याच्या रक्ताचे इंजेक्शन त्यांनी पोटाच्या त्वचेत घेतले. सर्वांना थोडाफार त्रास झाला. पेलाग्रा मात्र एकालाही झाला नाही.

गिरणी वसाहतींची पाहणी

सनसनाटी असल्यामुळे वरील प्रयोगांचे वर्णन सर्वत्र वाचावयास मिळते. त्या मानाने गोल्डबर्गर यांनी अर्थशास्त्रज्ञ एडगर सिडनस्ट्रिकर यांच्यासह १९१६ पासून साऊथ कॅरोलायनात केलेली पाहणी कमी परिचित आहे, पण तिचे महत्त्व कदाचित अधिक आहे. सात गिरणी वसाहतींतील प्रत्येक घरी कर्मचारी ठराविक काळाने जात. घरात कोण आजारी आहे, किती वेतन आले, कोणते अन्न विकत घेतले आणि कोणते घरी पिकविले, याची ते नोंद करीत. निष्कर्ष स्पष्ट होता. कुटुंबाचे उत्पन्न जितके कमी, तितका पेलाग्रा अधिक. उत्पन्नाच्या वरच्या पायरीवर तो जवळजवळ आढळत नव्हता. गरीब घरांतही मांस-दुधाचा जो काही वाटा येई, तो कमावत्या पुरुषाकडे व मुलांकडे आधी जाई. स्त्रियांत रोगाचे प्रमाण अधिक असण्याचे हे एक महत्त्वाचे कारण होते.

सारख्याच वेतनाच्या दोन वसाहतींतही फरक आढळला. न्यूरी या गावी आसपासच्या शेतांतील ताजा माल वर्षभर विकत मिळे व तेथे पेलाग्रा अत्यल्प होता. भोवती केवळ कापूसच पिकत असलेल्या इनमन मिल्स येथे रोग्यांची संख्या मोठी होती. म्हणजे खिशात पैसा असून भागत नव्हते, गावात अन्न यावे लागत होते. रोगाच्या सामाजिक कारणांचा असा सूक्ष्म अभ्यास त्यापूर्वी क्वचितच झाला होता.

१९२० मध्ये कापसाचे भाव कोसळले. आता पेलाग्रा वाढणार, असा इशारा गोल्डबर्गर यांनी दिला. १९२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष वॉरन हार्डिंग यांनी दक्षिणेतील या संकटाबद्दल जाहीर चिंता व्यक्त करताच तेथील अनेक राजकीय पुढारी व वृत्तपत्रे संतापली. आपल्या प्रदेशाची उपासमारीचा मुलूख म्हणून बदनामी होते आहे आणि त्याने भांडवल व पर्यटक दूर जातील, असा त्यांचा आक्षेप होता. मदत नाकारण्यात आली. न्यूयॉर्कहून आलेल्या ज्यू स्थलांतरिताने दक्षिणेच्या ताटाविषयी बोलावे, हेही अनेकांना रुचले नसावे.

प्रतिबंधक घटकाचा शोध

आहारातील नेमकी कोणती उणीव रोग घडविते, हे शोधण्यात गोल्डबर्गर यांची अखेरची वर्षे गेली. मांस-दुधातील प्रथिनांकडे त्यांचे प्रथम लक्ष गेले. डब्ल्यू. एफ. टॅनर यांच्यासह त्यांनी एका रुग्णास ट्रिप्टोफेन हे ॲमिनो अम्ल दिले असता सुधारणा दिसली आणि १९२२ मध्ये ॲमिनो अम्लांच्या अभावाची शक्यता त्यांनी मांडली. उत्तर हाताशी आले होते, पण पुढील प्रयोगांनी त्यांना दुसरीकडे नेले. कुत्र्यांना होणारा काळी जीभ हा रोग पेलाग्राचाच प्रकार असल्याचे ओळखून ते कुत्र्यांवर निरनिराळे पदार्थ पारखू लागले. कुत्र्यांची भूक वाढावी म्हणून अन्नात मिसळलेले यीस्टच रोग टाळत असल्याचे आढळून आले. मद्यनिर्मितीत वापरले जाणारे हे यीस्ट अत्यंत स्वस्त होते. त्यात प्रथिने फारशी द्यावी लागत नसल्याने हा घटक एखादे जीवनसत्त्व असावा, असा निष्कर्ष निघाला. त्यास पेलाग्रा-प्रतिबंधक घटक असे नाव देण्यात आले.

१९२७ मध्ये मिसिसिपी नदीला महापूर आला व लक्षावधी लोक निर्वासित झाले. गोल्डबर्गर आणि सिडनस्ट्रिकर यांनी पूरग्रस्त भागाचा दौरा केला आणि रेडक्रॉसमार्फत यीस्टचे मोठ्या प्रमाणावर वाटप करविले. त्याचा रोग्यांना झपाट्याने गुण आला. तरीही आपल्या अहवालात या दोघांनी मुख्य दोष एकाच पिकावर अवलंबून असलेल्या शेतीव्यवस्थेचाच असल्याचे नोंदविले.

मृत्यू व नंतरचे संशोधन

मूत्रपिंडाच्या कर्करोगाने गोल्डबर्गर यांचे वयाच्या ५४व्या वर्षी वॉशिंग्टन येथे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांच्या अस्थी पोटोमॅक नदीत विसर्जित करण्यात आल्या. नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव सुचविले गेले होते, पण ते त्यांना मिळाले नाही.

१९३७ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातील कॉनराड एल्व्हेजेम यांनी काळी जीभ हा रोग निकोटिनिक अम्लाने बरा होतो हे दाखविले. हाच गोल्डबर्गर यांचा प्रतिबंधक घटक होय. तंबाखूतील निकोटिनशी गल्लत होऊ नये म्हणून त्यास पुढे नायासिन हे नाव देण्यात आले. टॉम स्पाइज व अन्य वैद्यांनी ते पेलाग्राच्या रुग्णांना दिले, तेव्हा मनावरील परिणाम सर्वांनाच चकित करणारा होता. भ्रमिष्ट अवस्थेतील काही रुग्ण दोन-तीन दिवसांत, तर काही त्याहूनही लवकर भानावर आले. ज्यांचा रोग फार जुना झाला होता, त्यांच्या मेंदूची हानी मात्र नेहमीच भरून येत नसे. १९४०च्या दशकात अमेरिकेत पिठात नायासिन मिसळण्याची प्रथा सुरू झाली आणि पेलाग्रा जवळजवळ नामशेष झाला.

१९४५ मध्ये शरीर ट्रिप्टोफेनपासून नायासिन तयार करू शकते हे उघड झाले व १९२२ मधील निरीक्षणाचा उलगडा झाला. दूध व अंडी यांत नायासिन थोडेच असते, पण ट्रिप्टोफेन भरपूर असते. मक्यात ट्रिप्टोफेन कमी असते आणि असलेले नायासिन अशा बद्ध स्वरूपात असते की ते आतड्यांना सहजी शोषता येत नाही. मेक्सिकोतील लोक मका चुन्याच्या पाण्यात शिजवून घेतात. त्यामुळे हे नायासिन मोकळे होते. मका जगभर गेला, पण ही रीत त्याच्याबरोबर गेली नाही. नायासिनपासून बनणारी सहविकरे पेशींना ऊर्जा मिळवून देतात. मेंदूची ऊर्जेची गरज मोठी असल्याने त्यांचा तुटवडा चेतापेशींना लवकर जाणवतो. अतिमद्यपान करणाऱ्यांत, तसेच क्षयावरील आयसोनियाझिड हे औषध दीर्घकाळ घेणाऱ्या कुपोषित रुग्णांतही पेलाग्रा उद्भवू शकतो. हे औषध ट्रिप्टोफेनचे नायासिनमध्ये होणारे रूपांतर मंदावते.

भारतात हा रोग दख्खनच्या पठारावरील, मुख्यत्वे ज्वारीवर गुजराण करणाऱ्या गरिबांत आढळला होता. मक्याशिवाय पेलाग्रा कसा, हे कोडे होते. हैदराबाद येथील पोषण संशोधन संस्थेतील सी. गोपालन व एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये ज्वारीतील ल्युसीन या ॲमिनो अम्लाचे मोठे प्रमाण त्यास कारणीभूत असल्याचा सिद्धान्त मांडला. त्यावर बरेच वाद झाले व तो सर्वमान्य ठरला नाही. यावरून ज्वारी अपायकारक आहे असे समजणे चुकीचे ठरेल. भाकरीबरोबर डाळ, दूध वा शेंगदाणे असल्यास हा धोका राहत नाही. रोग होत असे तो भाकरीबरोबर मीठ-मिरचीखेरीज काहीच नसणाऱ्या घरांत.